उलटे महिने

शनिवार, ४ ऑक्टोबर

दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी माझ्या नातीच्या डोक्यावर समोरच्या संघाच्या गोलकीपर मुलीचं कोपर बसलं, आणि चार वाजून बावीस मिनिटांनी नात पुन्हा मैदानात धावत होती. दोन्ही वेळा मी मनगटावरच्या घड्याळात पाहिल्या आहेत. एकतीस वर्षं शाळेत परीक्षाप्रमुख होते. माणूस निवृत्त होतो, वेळ लिहून ठेवायची सवय निवृत्त होत नाही.

चेंडू उंच आला आणि भिंगरी डोक्याने मारायला उडाली. (सोळा वर्षांची झाली तरी घरात ती भिंगरीच.) कोपर कानाच्या वर लागलं. दार आपटल्यासारखा आवाज मला बाकांपर्यंत ऐकू आला. ती पडली ती पडूनच राहिली. मी आकडे मोजत होते, कारण दुसरं काहीच हातात नव्हतं. बाराव्या आकड्याला तिने पाय हलवला.

कोच पळत आला. बर्फाची पिशवी कानावर धरली, तोंडापुढे दोन बोटं नाचवून किती म्हणून विचारलं, ती दोन म्हणाली. झाली तपासणी. दोन बोटं मेंढीलाही दोनच दिसतील. मी कुंपणाशी जाऊन त्याला म्हटलं की तिला बाहेर बसवा. म्हणाला, "आजी, खेळ आहे हा. लागतंच." मी त्याची आजी कधी झाले, हे मला कुणी कळवलेलं नाही.

मैदानात परत गेल्यावर पहिली चारपाच पावलं ती आपल्याच गोलाकडे धावली. मैत्रिणीने दंडाला धरून फिरवलं. बाकांवर सगळे हसले.

मला हसू आलं नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी एकदा उलटी. डोकं दुखतंय, उजेड नको, पडदे ओढ. औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार भला माणूस. त्याने गिऱ्हाइकं थांबवून सांगितलं: पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, हात किंवा पाय लुळा पडला, हाक मारून उठेनाशी झाली, तर कुणाला विचारत बसू नका, थेट दवाखाना. तसं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवाच, म्हणाला. दिवसभरात अकरा वेळा टॉर्च लावून बाहुल्या पाहिल्या. सारख्या आहेत. बाराव्या वेळी तिने टॉर्च काढून घेतला.

माझी लेक कामासाठी महिनाभर परगावी आहे आणि भिंगरी माझ्या ताब्यात आहे. 'ताबा' हा लेकीचाच शब्द, तिला माझ्याबद्दल बोलताना असेच सुचतात. तिला फोन केला. आधी ती पोरीशी बोलली, मग मला म्हणाली की ती बरी आहे म्हणते, तू तिला घाबरवू नकोस. मी घाबरवते. मी.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर भिंगरी म्हणाली की क्लबचा नियमच आहे, डोक्याला लागलं की फिजिओताई आठवड्याने रीतसर परीक्षा घेतात, पास झालं तरच खेळायला मिळतं. परीक्षा म्हटल्यावर मला जरा धीर आला. जगात निदान काही तरी नियमाने चालतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज भिंगरी आपण होऊन वही घेऊन माझ्याशेजारी बसली. शाळेत तोंडी परीक्षा आहे म्हणाली, स्मरणशक्तीची. घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद होता. त्यावर तीन याद्या, प्रत्येकीत दहा शब्द. एकाला दुसऱ्याशी काही संबंध नाही. हल्लीच्या शाळा काय शिकवतील सांगता येत नाही, पण पाठांतर परत आलं असेल तर मी तक्रार करणार नाही.

ती नुसतं घोकत होती आणि सहाव्या शब्दावर अडकत होती. मी म्हटलं, अगं, घोकायचं नसतं, गुंफायचं असतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेली युक्ती तिला दिली. खुर्ची, लिंबू, पूल, टोपी, घंटा: खुर्चीवर लिंबू ऐटीत बसलं, खुर्ची पुलावरून निघाली, वाऱ्याने लिंबाची टोपी उडाली ती जाऊन घंटेला अडकली. पोर कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. हसताना कपाळ धरलं, पण हसली.

मग आकडे उलटे म्हणायचे. मग महिने उलटे, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत. मी घड्याळ लावून घेतले. पहिल्यांदा एकोणतीस सेकंद, सहाव्यांदा चौदा.

तिन्ही याद्या दहापैकी दहा. ज्या डोक्यात तीस शब्द राहतात ते डोकं शाबूत आहे. चार दिवसांनी मी आज पोटभर जेवले.

उठताना तिने विचारलं, आज सोमवार ना. मंगळवार, म्हटलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुधाचा पेला भरताना भिंगरी ओततच राहिली. दूध ओट्यावरून खाली, पायांवर आलं, तरी तिची नजर पेल्यावरच. मी हाक मारली तेव्हा दचकली. जिना उतरताना कठडा धरते आणि मध्येच पायरीवर बसते, बुटाची नाडी बांधायची म्हणून. नाडी सुटलेली नसते.

दुपारी चार वाजता गाढ झोपली होती. मी आत जायला निमित्तं शोधते. आधी इस्त्रीचे कपडे, मग खिडकीची धूळ. शेवटी निमित्त सोडलं आणि तिच्या नाकापुढे तळहात धरून उभी राहिले. ती तान्ही असताना तिची आई असंच करायची आणि मी तिला हसायचे.

श्वास गरम होता. तरी तिला उठवलं आणि महिने विचारले. अकरा सेकंद. अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे मिटून, एकही चूक नाही.

म्हणजे मीच उगाच. भीती वाटली की हल्ली मी तिला महिने विचारते. त्याने मला बरं वाटतं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पास झाली. फिजिओने सहीशिक्क्याचा कागद दिला, खेळण्यास योग्य. येत्या शनिवारी, अठराला तीन वाजता सामना आहे आणि राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी मंडळी तो बघायला येणार आहेत. सहा वर्षं पोर या दिवसासाठी पहाटे उठते आहे. घरात शिरल्या शिरल्या तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, तुझ्यामुळे."

मी काय केलं? दूध पुसलं.

शाळेतल्या तोंडी परीक्षेचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

अक्षर वाईट येईल.

भिंगरी पाण्याची बाटली विसरली म्हणून ती द्यायला क्लबवर गेले. सराव चालू होता. कोच चेंडू उंच फेकत होता आणि मुली ओळीने येऊन डोक्याने परत मारत होत्या. भिंगरीने मारला, बाजूला झाली, आणि कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही तळव्यांनी डोकं दाबून धरलं. मग परत ओळीत. मी नऊ वेळा पाहिलं.

म्हणून फिजिओच्या खोलीत गेले. एक उंच खाट, चिकटपट्ट्यांची रिळं, बर्फाचं यंत्र, टेबलावर पायाच्या हाडांचा सांगाडा. भिंतीवर सहा पायऱ्यांचा तक्ता: आधी रोजची साधी कामं, मग चालणं, मग धावणं, मग सराव पण टक्कर नाही, मग डॉक्टर हो म्हणाले तर टकरीसह सराव, शेवटी सामना. एकेका पायरीला निदान एक दिवस, आणि त्रास परत जाणवला तर एक पायरी मागे. हे सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे, ठळक अक्षरात. भिंतीला काय, तिला खेळायचं नसतं.

फिजिओ पंचविशीची, बोलायला गोड. मी भिंगरीची आजी म्हटल्यावर तिचा चेहराच खुलला. सांगू लागली: डोकेदुखी, चक्कर, सगळ्याला तुमची नात नाही म्हणाली, आणि काकू, काय स्मरणशक्ती आहे हो. दहापैकी दहा. मोसमाच्या सुरुवातीला घेतली तेव्हा सहा होते, म्हणजे मार लागल्यावर सुधारली म्हणायची. स्वतःच हसली. उलटे महिने नऊ सेकंदांत, आजवर असं पाहिलं नाही. आणि कौतुकाने तिने खणातून एक कार्ड काढून वाचलं: खुर्ची, लिंबू, पूल, टोपी, घंटा.

मी खाटेची कड धरली. पुढचे पाच शब्द तिच्या आधी माझ्या मनात येत होते.

विचारलं की अशी कार्डं किती. तीनच, म्हणाली, क्लबला पहिल्यापासून तीनच आहेत, आळीपाळीने वापरते. बरं नाही का वाटत तुम्हाला, पाणी देऊ का?

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. माझी जीभ, जिला हाड नाही म्हणून सगळ्या शाळेत ख्याती होती, ती टाळूला चिकटली. पाणी प्यायले, आभार मानले आणि घरी आले. बाटली हातातच राहिली होती.

एकतीस वर्षांत माझ्या शाळेत एकही पेपर फुटला नाही. लिफाफे मी स्वतः मोहोर लावून कपाटात ठेवायचे आणि किल्ली गळ्यात घालायचे. फोडला तो मी, सत्तराव्या वर्षी, घड्याळ लावून, सिस्टरची युक्ती वापरून. तो पेपर एवढंच विचारत होता की या मुलीचं डोकं बरं आहे का, आणि उत्तर मी तिला पाठ करून दिलं. मग ते तिच्या तोंडून ऐकून मीच पोटभर जेवले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी भिंगरीला समोर बसवलं. ती नाकबूल झाली नाही. तो कागद म्हणे संघात वर्षानुवर्षं फिरतो, मोठ्या मुली सोडून जाताना धाकट्यांना देतात. त्याला 'पाढे' म्हणतात. डोक्याला लागलं की पहिला प्रश्न दुखतंय का हा नसतो, पाढे झाले का हा असतो. मोसमाच्या सुरुवातीची परीक्षा तर सगळ्याच मुद्दाम वाईट देतात, म्हणजे नंतरची चांगली दिसते. सगळ्या करतात, म्हणाली. हे वाक्य मी कॉपी करणाऱ्या किमान दोनशे मुलांकडून ऐकलं आहे. त्यांतल्या एकाचाही जीव धोक्यात नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं. हा प्रश्न तिला बारा दिवसांत मीही विचारला नव्हता, बाहुल्या बघितल्या आणि महिने विचारले.

"रोज," ती म्हणाली. "धावलं की जास्त."

शाळा बुडवून तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बोट हलवून डोळे बघितले, मानेवर हात फिरवला, एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून रेषेवरून चालायला लावलं. जी पोर चेंडू पायाला चिकटवून पळते ती चौथ्या पावलाला भिंतीला लागली. मग त्यांनी दहा शब्द सांगितले. त्यांचे स्वतःचे, नवे. तिने चार सांगितले आणि थांबली. थांबली आणि माझ्याकडे पाहिलं, पुढचा मी ओठांनी सांगावा म्हणून. असं ती पहिलीत असताना बघायची.

मला एकही आठवत नव्हता. मी ऐकत नव्हते, तिचा चेहरा बघत होते.

डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावलं. मेंदूला हादरा बसला आहे. वरून काही दिसत नाही, कवटीचा फोटो काढला तरी बहुधा स्वच्छ येईल, आणि त्या स्वच्छ फोटोवर विसंबून लोक फसतात. विश्रांती, थोडं थोडं चालणं, हळूहळू शाळा, मग तक्त्याच्या पायऱ्या. काही आठवडे लागतील, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. मी विचारलं, आणि शनिवारी खेळली तर? ते पेनाचं टोपण लावत राहिले. मग म्हणाले, पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर कधी कधी मेंदू एकदम सुजतो. क्वचित होतं, पण या वयात जास्त होतं, आणि झालं तर मिनिटांत होतं, आम्ही पोहोचेपर्यंत थांबत नाही.

परत येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या गालाखाली हात धरत होते.

दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कोचकडे गेले. त्याने ती वाचली, अगदी नीट वाचली, आणि म्हणाला की हे साधे घरचे डॉक्टर, क्लबचा नियम असा की फिजिओचा कागद चालतो, तो रद्द होत नाही तोवर मुलगी संघात आहे. तिचं नाव निवड समितीला गेलंय. शिवाय पालक म्हणून सही तिच्या आईची, तुमची नाही. मी चढा आवाज लावणार होते. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आजी, अशी संधी आमच्या मुलींना एकदाच येते. माझ्या वेळी आली नाही." पहिल्यांदाच मला तो दुष्ट वाटला नाही. त्याने भीती आणखी वाढली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

लेकीला फोन केला. चिठ्ठी वाचून दाखवली. ती मग म्हणाली, "तू माझंही असंच थांबवलं होतंस, आई. दरवेळी तुझ्याकडे काहीतरी कारण असतं." मी काहीही थांबवलेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत तिचे धावायचे बूट कपाटात ठेवले होते, इतकंच. नंतर ते तिला लहान झाले, त्याला मी काय करणार? आणि आत्ता त्याचा काय संबंध, ते मला कळत नाही. म्हणाली, पोरगी मला सांगते बरी आहे, क्लबची तज्ज्ञ सांगते बरी आहे, फक्त तू सांगतेस नाही म्हणून. शनिवारचं खेळू दे, मग विश्रांती घेईल.

तेव्हा सांगायला हवं होतं की ती तज्ज्ञ कशावरून सांगते. मी एवढंच म्हटलं की परीक्षेत काहीतरी गोंधळ आहे. कसला, तिने विचारलं. बघते, म्हटलं, आणि फोन ठेवला.

आपलेच दात, आपलेच ओठ. पण ओठ माझे, आणि दोन दिवस ते मिटून बसले आहेत, कारण उघडले तर माझं नाव बाहेर पडेल.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी सात

पत्र लिहिलं. भिंगरी शाळेला जायला निघाली तेव्हा तिला वाचायला दिलं. पाठीमागून काही करणार नाही. तिने उभ्याने वाचलं, ओळींवर बोट ठेवून, कारण अक्षरं हलतात म्हणाली. हे ती आधी कधी म्हणाली नव्हती.

शेवटपर्यंत पोचल्यावर म्हणाली, "तू हे दिलंस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

"नको बोलूस," मी म्हटलं. "बोलता येईल अशी राहा."

तिने दार आपटलं नाही. हळू लावलं. आवाज सहन होत नाही तिला.

पत्राची नक्कल इथे ठेवते. मूळ प्रत नऊ वाजता क्लबच्या चिटणीसांच्या हातात देईन आणि पोच घेईन. प्रती कोच, फिजिओ आणि माझ्या लेकीला.

*

महोदय,

शनिवार, ४ ऑक्टोबर रोजी दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी माझ्या नातीच्या डोक्याला आपल्या मैदानावर मार लागला आणि चार मिनिटांत तिला पुन्हा खेळवलं गेलं. ती चूक आपली.

त्यानंतरची चूक माझी आहे. १३ तारखेला आपल्या फिजिओनी घेतलेली परीक्षा खोटी आहे. त्यातल्या तिन्ही शब्दयाद्या, उलटे आकडे आणि उलटे महिने ७ तारखेपासून रोज मी स्वतः तिच्याकडून पाठ करून घेतले. ते कशासाठी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. १५ तारखेला दुपारी कळलं, आणि तरीही मी दोन दिवस गप्प राहिले. त्याला कारण नाही; लाज वाटली. मी परीक्षाप्रमुख म्हणून निवृत्त झाले आहे. माझ्या जुन्या शाळेला हे कळवायचं असल्यास जरूर कळवावं.

त्या परीक्षेवर दिलेल्या कागदाला काही किंमत उरत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. त्यांच्या नव्या दहा शब्दांपैकी तिला चार सांगता आले.

याद्यांचा तो कागद मी फाडलेला नाही, सोबत जोडला आहे. त्याच्या घड्या पाहाव्यात. तो आपल्या संघात वर्षानुवर्षं फिरतो आहे. या मोसमात ज्या ज्या मुलीला डोक्याला लागून पास केलं गेलं, तिची परीक्षा पुन्हा, नव्या शब्दांनी घ्यावी. यात फिजिओबाईंवर ठपका ठेवू नये. तीन कार्डांवर इतक्या मुलींची डोकी त्यांच्या हवाली केली ती क्लबने.

माझं मागणं एवढंच: खेळण्यास योग्य असल्याचा तो कागद रद्द झाला आणि उद्याच्या सामन्यातून तिचं नाव काढलं, हे मला लेखी कळवावं, चिटणीसांच्या सहीने, आज शुक्रवार, १७ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत. निवड समितीलाही लेखीच कळवावं की मुलगी दुखापतीमुळे बाहेर आहे, खेळात कमी पडली म्हणून नाही. फोन नको. निरोप नको. बघतो, करतो, आजी काळजी करू नका, यांतलं काहीही मी उत्तर धरणार नाही.

पाचपर्यंत कागद माझ्या हातात आला नाही, तर उद्या तीन वाजता मी मैदानात पांढऱ्या रेषेच्या आत उभी असेन. खेळ सुरू करायचा तर आधी मला उचलून बाहेर न्यावं लागेल.